वरून टाकणं आणि खाली उतरणं

(आपल्या मंडळीत झालेल्या स्मरणसभेत कॅप्टनसाहेबांच्या जुन्या मित्राने केलेल्या भाषणाचा मजकूर. कुटुंबीयांच्या इच्छेनुसार कॅप्टनसाहेबांचं नाव छापलेलं नाही.)



पाळकसाहेबांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. आपले कॅप्टनसाहेब वेळेचे किती पक्के होते हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा त्यांच्या सभेत तरी मी घड्याळ पाळीन. एक परवानगी मात्र आधी मागतो. नगरच्या मिशन शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, वसतिगृहात एका पंगतीत जेवलो. साठ वर्षांहून अधिक काळ मी त्याला अरे-तुरे करत आलो. आज तो प्रभूघरी गेला म्हणून एकदम ‘ते’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. मी ‘तो’च म्हणणार. वहिनी, तुम्ही समजून घ्याल.

त्याचं नावही मी घेणार नाही. तुम्ही सगळे त्याला नावाने ओळखता, पण आपल्या त्रैमासिकाच्या देणगीदारांच्या यादीत त्याने ते कधी छापू दिलं नाही. ‘एक सभासद’ एवढंच छापायचं, हा त्याचा नियम. त्याच्या माघारी तो नियम मोडायचं मला कारण दिसत नाही.

तुमच्यातल्या बहुतेकांना तो निवृत्तीनंतरच भेटला. स्कूटर सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारणारा, टायर दाबून बघणारा, मग हेल्मेटचा पट्टा दोनदा ओढून बघणारा म्हातारा. तरुण संघातली पोरं त्याची नक्कल करायची, ती त्यालाही ठाऊक होती. पण त्याआधी तो वीस वर्षं हवाई दलात आणि पंधरा-सोळा वर्षं प्रवासी विमानांवर होता. त्या काळाबद्दल तो फार बोलत नसे. जे थोडं बोलला ते माझ्याशी बोलला, म्हणून आज सांगतो.

खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून तो हवाई दलात गेला तेव्हा आम्हा मित्रांना वाटलं, आता हा लढाऊ जेट उडवणार. पहिल्या सुटीत आला तेव्हा सगळ्यांनी तेच विचारलं. तो म्हणाला, “नाही रे, मी हवाई दलाचा मालट्रकवाला.” त्याच्या वाट्याला डाकोटा आलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं, दोन पंख्यांचं, मालवाहू विमान. आणि नेमणूक ईशान्येला, आसामात जोरहाटला.

आज ज्याला आपण अरुणाचल प्रदेश म्हणतो त्याला तेव्हा नेफा म्हणत. 1972 साली त्याला अरुणाचल हे नाव मिळालं, 1987 साली ते राज्य झालं. त्याच्या दिवसांत तिथे रस्ते नव्हतेच म्हटलं तरी चालेल. आसाम रायफल्सच्या चौक्या, सरकारी ठाणी, तिथले कंपाउंडर आणि मास्तर, या सगळ्यांचं जगणं आभाळावर अवलंबून. तांदूळ, डाळ, मीठ, रॉकेल, सगळं विमानातून टाकायचं. हवाई दलाबरोबर बिजू पटनायकांच्या कलिंगा एअरलाइन्सच्या डाकोटांनीही हे काम केलं. दुपारनंतर दऱ्यांत ढग भरतात, म्हणून निघायचं पहाटे.

हे टाकणं कसं असतं ते त्याने मला एकदा जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि दोन वाट्या मांडून दाखवलं होतं. दरीत शिरताना मधोमध जायचं नाही. एका बाजूच्या डोंगराला धरून जायचं, म्हणजे परत वळायची वेळ आली तर सगळी दरी वळायला मिळते. विमानाचं दार आधीच काढून ठेवलेलं. दाराशी लष्कराचे जवान कमरेला पट्टा बांधून उभे. खाली पांढरी खूण दिसली की वैमानिक घंटा वाजवतो आणि जवान पोती बाहेर ढकलतात. घंटा थांबली की ढकलणं थांबवायचं. एका फेरीत थोडीच पोती जातात, मग पुन्हा वळून यायचं, पुन्हा घंटा. रॉकेलसारखं सामान छत्रीला बांधून, तांदूळ आणि मीठ तसंच मोकळं. त्यासाठी एका पोत्यावर दुसरं मोठं पोतं चढवतात. आपटल्यावर आतलं फुटलं तरी तांदूळ बाहेरच्यात राहावा म्हणून.

हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला होता, “इतकी वर्षं लोकांना मीठ दिलं, पण खाणाऱ्यातल्या एकाचंही तोंड मी पाहिलं नाही. हात हलवणारे ठिपके दिसायचे. ते ‘या’ म्हणत होते की ‘बाजूला टाका’ म्हणत होते, हे वरून कळत नाही.”

मग 1971 चं युद्ध आलं. 11 डिसेंबरला पूर्व बंगालात टांगाइलजवळ आपल्या पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन उतरवली गेली. मैमनसिंगहून ढाक्याकडे मागे सरणाऱ्या पाकिस्तानी तुकड्यांची वाट अडवायची, त्यासाठी पुंगलीचा पूल ताब्यात घ्यायचा, हे काम. त्या मोहिमेत चार प्रकारची मालवाहू विमानं होती: ए एन-12, पॅकेट, कॅरिबू आणि डाकोटा. आमचा मालट्रकवाला त्यातल्या एका डाकोटात होता. युद्ध जिंकलं, तो सुखरूप परतला, मंडळीत उपकारस्तुतीची उपासना झाली. लोकांनी त्याला बोलायला सांगितलं. त्याने दोनच वाक्यं सांगितली. “जाताना विमान भरलेलं होतं, येताना रिकामं. उडी मारणाऱ्या पोरांचं पुढे काय झालं ते मला तुमच्यासारखंच रेडिओवर कळलं.” आणि खाली बसला. आम्हाला वाटलं, लाजला.

पेन्शनपुरती वर्षं भरल्यावर त्याने हवाई दल सोडलं. मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानांवर जाण्याची त्याच्या बरोबरीच्यांची धडपड चालली होती. हा वायुदूतमध्ये गेला. तरुण मंडळींना ते नाव माहीत नसेल. 1981 साली ही सरकारी कंपनी निघाली ती मुळात ईशान्य भारतातली लहान गावं विमानाने जोडण्यासाठी. तिच्याकडे डॉर्नियर 228 नावाची 19 आसनांची छोटी विमानं होती, आखूड धावपट्टीवर उतरणारी. पासीघाट, तेजू अशा ठिकाणी ती जात. मी त्याला विचारलं, पुन्हा त्याच डोंगरांत कशाला मरायला जातोस? तो म्हणाला, “या वेळी दार बंद असेल आणि मी खाली उतरेन.”

आता मी जे सांगणार आहे ते त्याने मला फार उशिरा सांगितलं.

एकदा हवा बिघडली म्हणून त्याचं विमान पासीघाटला अडकलं. दुसऱ्या दिवशीपर्यंत निघता येणार नव्हतं. संध्याकाळी तो गावात फिरायला गेला. तिथे आदी जमातीचे एक वृद्ध गृहस्थ त्याच्याशी बोलत बसले. त्यांचं मूळ गाव वर डोंगरात, सरकारी ठाण्याजवळ. हा वैमानिक आहे कळल्यावर त्यांनी लहानपणीची गोष्ट सांगितली. विमानाचा आवाज आला की बाया पोरांना घरात ओढून न्यायच्या, कारण मोकळं पोतं अंगावर पडलं तर माणूस वाचत नाही. आदी लोकांची धान्याची कोठारं घरांपासून जरा दूर, खांबांवर उभी असतात, घराला आग लागली तरी धान्य वाचावं म्हणून. एका वर्षी एक पोतं खुणेच्या पलीकडे गेलं आणि नेमकं त्यांच्या वडिलांच्या कोठारावर पडलं. छप्पर आणि खांब मोडले, वर्षभराचं धान्य ओल्या उतारावर सांडलं, वर पाऊस. त्या पोत्यात काय होतं? मीठ. ते गृहस्थ हसत हसत म्हणाले, “आमच्या डोंगरात मिठाला फार किंमत होती साहेब, त्या वर्षी आमच्याकडे मीठ भरपूर होतं.”

कॅप्टनने त्यांना विचारलं, मग तुम्ही तक्रार केली नाही? ते म्हणाले, “कोणाकडे? विमान तर निघून गेलं होतं.”

ते पोतं त्याच्या विमानातलं होतं की दुसऱ्या कोणाच्या, हे कळायला काही मार्ग नव्हता. त्या भागात कितीतरी विमानं जात होती. मीही त्याला तेच म्हणालो. त्यावर तो म्हणाला, “माझं होतं की नव्हतं हा प्रश्नच नाही. मी वीस वर्षं वहीत लिहीत होतो, इतकी पोती टाकली, काम पूर्ण. सगळ्यांच्या वह्यांत काम पूर्ण असंच लिहिलेलं होतं.”

बंधुभगिनींनो, नंतरचा कॅप्टन, तुम्ही पाहिलेला, मला वाटतं त्या संध्याकाळी तयार झाला.

पुढे वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली आणि तो मोठ्या विमानांकडे गेला. तिथे त्याने एक सवय लावून घेतली. विमान थांबलं, इंजिनं बंद झाली, कागद पुरे झाले की तो दाराशी येऊन उभा राहायचा आणि उतरणाऱ्या प्रवाशांना नमस्कार करायचा. काही प्रवासी उशीर झाला म्हणून त्याच्यावर डाफरायचे. तो ऐकून घ्यायचा. मी म्हटलं, कशाला उभा राहतोस शिव्या खायला? म्हणाला, “ज्यांना आणलं त्यांची तोंडं तरी बघतो.”

निवृत्त झाल्यावर आपल्या समितीने त्याला सभासद करून घेतलं. पहिल्याच बैठकीत काय झालं ते समितीतल्या जुन्या लोकांना आठवत असेल. सातपुड्यात, अक्राणी तालुक्यातल्या पाड्यांवर चादरी आणि जुने कपडे पाठवायचं ठरत होतं. नाताळ जवळ आला होता, गठ्ठे बांधून तयार होते, टेम्पो ठरला होता. कॅप्टनने हात वर केला आणि विचारलं, “आपल्यातलं कोण तिथे एक रात्र राहिलंय?” कोणीच नाही. मग तो म्हणाला, “टेम्पोत एक सीट रिकामी असेल तर मी जातो.”

तो गेला, आणि तिसऱ्या दिवशी परत येण्याऐवजी तेराव्या दिवशी आला. शहाद्याहून एसटीने धडगाव, तिथून मिळेल त्या जीपने, पुढे पायी. आपल्या वसतिगृहाचा पावरा कार्यकर्ता बरोबर, कारण पावरी बोली याला येत नव्हती. रात्री एका घरी मुक्काम, सकाळी दुसऱ्या पाड्यावर. परत आल्यावर त्याने समितीला सांगितलं, “चादरी चांगल्या आहेत, लोकांनी आनंदाने घेतल्या. पण त्यांनी मला काय मागितलं ठाऊक आहे? कागद.”

तेव्हापासून तो त्या कागदांच्याच मागे लागला. ही गोष्ट शहरात राहणाऱ्या आपल्याला किरकोळ वाटते. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला आणि इतर मजुरीला बाहेर पडतात. बाळाचा जन्म कुठे तरी फडावर होतो, त्याची नोंद राहून जाते. नोंद नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून रेशनकार्डावर नाव नाही. जातीच्या दाखल्यासाठी घराण्याचा 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. ज्याचा आजोबा कधी शाळेत गेला नाही त्याने तो कुठून आणायचा? मग कोणा चुलत आजोबाचं नाव एखाद्या जुन्या शाळेच्या रजिस्टरात सापडतं का, महसुलाच्या जुन्या नोंदीत सापडतं का, हे शोधत बसायचं. सत्तरीच्या घरातला आपला कॅप्टन ते शोधत बसायचा. तालुक्याच्या गावी रांगेत उभा राहायचा, डोक्यावर टोपी, हातात प्लॅस्टिकची फाइल. पोरं त्याला ‘विमानवाले आजोबा’ म्हणायची.

2013 सालच्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर नाव असलेल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. एका मुलीचं नाव कार्डावर चढलं त्या दिवशी त्याने मला फोन केला. म्हणाला, “वर्षाला साठ किलो. पोत्यापेक्षा जास्त. आणि कोणाच्या छपरावर पडत नाही.”

तुमच्यापैकी जे आपल्या वसतिगृहाला भेट देऊन आले त्यांनी दाराजवळ लावलेला तक्ता पाहिला असेल. तो त्याने केलेला आहे. जन्मदाखला, आधार, रेशनकार्डावर नाव, जातीचा दाखला, बँक खातं, लसीकरणाचं कार्ड. जूनमध्ये मूल दाखल होताना एकाने तक्ता मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने तो तो कागद हातात धरून “आहे” म्हणायचं. नुसतं “असेल” चालायचं नाही. ही पद्धत विमानातली आहे. 1935 साली अमेरिकेत बोइंगचं एक नवं बॉम्बर विमान चाचणीच्या वेळी उडताच कोसळलं. चालवणारा अत्यंत अनुभवी होता, विमानातही बिघाड नव्हता. जमिनीवर उभं असताना शेपटीकडचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली खीळ तेवढी काढायची राहिली होती. त्या अपघातानंतर वैमानिकांनी उड्डाणाआधी वाचायच्या याद्या तयार केल्या. कॅप्टन ही गोष्ट वसतिगृहाच्या मुलांना सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, “हुशार माणूसही विसरतो. म्हणून दोघांनी मिळून वाचायचं.” त्या मुलांतली एक मुलगी आज परिचारिकेचं शिक्षण घेते आहे. ती मागच्या आठवड्यात अंत्यविधीला आली होती. तिने वहिनींना सांगितलं की वॉर्डात औषध देण्याआधी ती अजूनही मोठ्याने वाचते.

तो नेहमीच गोड होता असं मी म्हणणार नाही. समितीच्या बैठकांत त्याच्यामुळे कामं लांबायची. ‘कोण राहून आलंय?’ हा प्रश्न ऐकून काहींना राग यायचा, आणि त्यांचंही अगदी चुकत नव्हतं. प्रत्येक देणगीदार तेरा दिवस डोंगरात राहू शकत नाही. नोकऱ्या आहेत, घरची आजारपणं आहेत. पैसे पाठवणारेही हवेतच. चादरीने थंडी थांबतेच, आणि उपाशी माणसाला आभाळातून आलेलं मीठही लागतं. हे तो माझ्याशी वाद घालताना मान्य करायचा. नेफात पोती टाकली नसती तर लोक उपाशी राहिले असते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की टाकणाऱ्यांपैकी एकाने तरी नंतर जाऊन बघितलं पाहिजे, पोतं कुठे पडलं ते.

शेवटचे चार महिने तो अंथरुणावर होता. मी रोज संध्याकाळी जायचो. आजाराबद्दल त्याने डॉक्टरांना नीट प्रश्न विचारले, उत्तरं समजून घेतली, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. भीती वाटते का, असं मी एकदा विचारलं. थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, “उतरायची मला कधीच भीती वाटली नाही. खाली कोण वाट बघतंय ते ठाऊक असलं म्हणजे झालं.” त्याच्या उशाशी पवित्र शास्त्र होतं आणि त्यात खूण स्तोत्र 139 पाशी होती. मी वाचून दाखवायचो, तो डोळे मिटून ऐकायचा. एवढंच मी सांगतो, बाकीचं त्याचं आणि त्याच्या प्रभूचं.

शेवटी शेवटी त्याला बोलायला त्रास व्हायचा. जूनचा दुसरा आठवडा होता. त्याने मला जवळ बोलावून विचारलं, “किती आले?” मला आधी कळलंच नाही. वहिनींना कळलं. सुटीनंतर वसतिगृहात किती मुलं परत आली, ते तो विचारत होता. फोन लावून विचारलं. चार मुलं आली नव्हती. तो म्हणाला, “कोणीतरी जा.”

त्या चौघांपैकी तिघं आता आली आहेत. आपला कार्यकर्ता दोन पाड्यांवर जाऊन आला. चौथा मुलगा आईवडिलांबरोबर मजुरीला बाहेरच आहे, त्याचा पत्ता अजून लागलेला नाही. कॅप्टनच्या नावाने काही स्मारक करावं, निधी उभारावा, अशा सूचना आल्या आहेत. त्या समिती बघेल. मी त्याचा मित्र म्हणून एवढंच मागतो: तुमच्यापैकी दोघांनी पुढच्या महिन्यात आपल्या कार्यकर्त्याबरोबर वर जावं. एसटीचं तिकीट मी काढतो. रात्री पाड्यावर राहावं, घरच्यांना भेटावं, त्या मुलाची चौकशी करावी, आणि परत येऊन काय पाहिलं ते या त्रैमासिकात लिहावं. नाव छापायचं की ‘एक सभासद’ लिहायचं, ते तुम्ही ठरवा.

माझी पंधरा मिनिटं संपली. देव तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.